'फेअर' म्हणजे नक्की काय, चांगलं, ठीकठाक की गोरं?

गिरणाकाठची, चाळीसगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न एकदम बारीक आहे पण घरात त्यावरून रोज भांडण चाललंय म्हणून इथे टाकतेय. आमच्या आप्पांना निमोनिया झाला होता, धुळ्याला अॅडमिट केलेलं, आता घरी आणलंय. जेवतात, ओट्यावर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात, म्हणजे तसं सगळं मार्गी आहे. पण डिस्चार्ज कार्डवर खाली लिहिलंय 'जीसी फेअर, व्हायटल्स स्टेबल'. जीसी म्हणजे जनरल कंडिशन, एवढं मी शोधून काढलं. पुढचं फेअर काय?

मावसभाऊ पुण्याला कंपनीत आहे, तो फोनवर म्हणाला ताई फेअर म्हणजे गुडच्या खालचं असतं, अजून पूर्ण नीट नाहीयेत ते, सांभाळा. दादा म्हणतो फेअर म्हणजे चांगलंच, तू त्याचं ऐकून उगाच घाबरू नको आणि आम्हालाही घाबरवू नको. आणि आमच्या आईने आयुष्यभर हा शब्द फक्त क्रीमच्या जाहिरातीत ऐकलेला, ती म्हणे "गोरे कुठले, दवाखान्यात राहून पिवळे पडले ना ते!" त्यावर आप्पाच जास्त हसले.

पण मग डोक्यात भुंगा सुरू झाला की मुलीची फेअरची वही असते, रेशनच्या दुकानाला फेअर प्राइस शॉप म्हणतात, गल्लीत पोरं खेळताना 'नॉट फेअर, नॉट फेअर' ओरडतात, हा सगळा एकच शब्द आहे की वेगवेगळे? एवढ्याशासाठी डॉक्टरांना फोन करायला कसंतरी वाटतं. कुणी नीट समजावून सांगेल का.

वॉर्डातली ताई, धुळे

ताई, आधी दवाखान्याचं सांगते, बाकीचं मास्तर लोक आहेतच इथे.

जीसी फेअर हे आमच्याकडे राउंडच्या वेळी रोज लिहिलं जातं, अक्षरशः हात आपोआप लिहितो. त्याचा अर्थ पेशंट शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, नाडी, बीपी, श्वास, म्हणजे व्हायटल्स, जागेवर आहेत, बघताक्षणी काळजी वाटावी असं काही नाही. घरी सोडताना बहुतेक कार्डांवर हेच असतं. प्रकृती खरंच बिघडलेली असेल तर 'जीसी पुअर' लिहितात. 'जीसी गुड' कमी दिसतं, आणि तसंही ज्याचं सगळं गुड आहे तो आमच्याकडे कॉटवर कशाला पडेल.

तुमचा मावसभाऊ म्हणतो ते बहुतेक अमेरिकेतलं आहे. तिकडे हॉस्पिटलवाले नातेवाइकांना किंवा पत्रकारांना पेशंटची हालत सांगताना गुड, फेअर, सिरियस, क्रिटिकल अशा पायऱ्या वापरतात. त्यात फेअर हे गुडच्या खाली येतं हे खरं, पण तिथेही त्याचा अर्थ व्हायटल्स स्थिर, पेशंट शुद्धीवर, थोडा त्रास जाणवत असेल पण लक्षणं आशेची, असाच आहे. म्हणजे दादा आणि मावसभाऊ दोघं एकच गोष्ट वेगळ्या सुरात सांगताहेत.

निमोनियानंतर थकवा बरेच दिवस राहतो, त्याने घाबरू नका. मात्र ताप परत आला, धाप लागली, छातीत दुखलं तर कार्डवर काय लिहिलंय ते वाचत बसू नका, लगेच दाखवा. फॉलोअपची तारीख चुकवू नका. आणि डॉक्टरांना विचारायला कसंतरी वाटायचं काही कारण नाही, नातेवाईक याहून कितीतरी अवघड प्रश्न विचारतात आम्हाला.

मास्तर, पारोळा

वॉर्डातल्या ताईंनी महत्त्वाचं सांगून टाकलंय, मी शब्दाचं बघतो.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ सुंदर, बघायला छान, एवढाच होता. त्यातूनच डाग नसलेला, स्वच्छ असा अर्थ निघाला. डाग नसलेला व्यवहार म्हणजे पक्षपात नसलेला, तिथून न्याय्य. डाग, खाडाखोड नसलेलं लिखाण म्हणजे फेअर कॉपी, तुमच्या मुलीची फेअरची वही ती हीच. आकाशात ढगांचा डाग नाही तर फेअर वेदर. आणि तिकडच्या लोकांना उजळ कातडी आणि सोनेरी केस म्हणजेच सौंदर्य वाटायचं म्हणून फेअर म्हणजे गोरा. तेव्हा ताई, शब्द एकच आहे, नुसता फांद्या फुटत गेला. ठीकठाक, मध्यम हा अर्थ मात्र त्यातला बराच अलीकडचा.

मी वर्गात पोरांना एक युक्ती सांगतो. कुठला अर्थ घ्यायचा ते कळत नसेल तर त्या वाक्यात उलटा शब्द कोणता बसतो ते बघा. माणसाच्या रंगाबद्दल असेल तर उलटा शब्द डार्क. हवेबद्दल असेल तर फाउल. वहीबद्दल असेल तर रफ. वागणुकीबद्दल, निकालाबद्दल, वाटणीबद्दल असेल तर अनफेअर. अनफेअर फक्त याच शेवटच्या ठिकाणी चालतो बरं का, हवेला किंवा रंगाला कुणी अनफेअर म्हणत नाही. आणि जिथे उलटा शब्द सापडतच नाही, नुसती वर गुड आणि खाली पुअर अशी शिडी दिसते, तिथे समजायचं की हा मधल्या पायरीवरचा फेअर आहे. डिस्चार्ज कार्डवरचा तोच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. या मधल्या पायरीला मराठीत अगदी तंतोतंत शब्द आहे आणि तो आपण रोज वापरतो, 'बरा'. आपल्याकडे अहिराणीत कुणाला विचारलं कसा शेस भाऊ, तर तो म्हणतो "बरा शे". आता हा खरंच मजेत आहे, की आजारातून उठलाय, की नुसतं ढकलणं चाललंय, हे शब्दावरून नाही कळत, सुरावरून कळतं. पेपर कसा गेला, "बरा गेला" म्हणजे आईने ओळखायचं काय ते. फेअरचंही हेच. आणि गंमत पुढे आहे. पोराने खेळात चिटिंग केली की इंग्रजीत 'दॅट्स नॉट फेअर', आणि आपली आजी म्हणणार "हे काही बरं केलं नाहीस तू". म्हणजे मध्यम आणि न्याय्य हे दोन्ही अर्थ आपल्या 'बरा'च्या पोटातही आहेतच, फक्त गोरेपण तेवढं नाही, ते आपण त्यात घातलं नाही हे चांगलंच केलं.

फेअरली बघा. बरा चं बराच होतं तसं फेअर चं फेअरली. हवामान खात्याच्या इंग्रजी अंदाजात 'फेअरली वाइडस्प्रेड' असतं, म्हणजे त्या भागातल्या 51 ते 75 टक्के केंद्रांवर पाऊस. आणि त्याचंच मराठी बुलेटिन म्हणतं 'बऱ्याच ठिकाणी'. भाषांतर करणाऱ्याने मुद्दाम केलं की आपसूक झालं देव जाणे, पण नेमकं बसलंय.

कापूसवाला, धरणगाव

मास्तर भारी लिहिलं पण आमच्या लाइनीतला फेअर तुम्ही सोडला, तो सगळ्यात महाग पडतो.

सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्रावर बोर्ड लावलेला असतो की फक्त 'एफएक्यू' दर्जाचा कापूस घेतला जाईल. एफएक्यू म्हणजे फेअर अॅव्हरेज क्वालिटी. माझ्या पुतण्याने मोबाईलवर शोधलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "काका, वारंवार विचारले जाणारे प्रश्न". ट्रॅक्टरच्या रांगेतली अख्खी मंडळी हसली, तसंही तिथे वारंवार एकच प्रश्न विचारला जातो की माझा नंबर कधी.

तर तिथे फेअर म्हणजे सुंदरबिंदर काही नाही आणि 'बरा'सुद्धा नाही मास्तर, तिथे फेअर म्हणजे आकडा. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, 8 ते 12 मध्ये असेल तर तेवढी कपात, 12 च्या वर गेला तर गाडी परत. शिवाय कवडी म्हणजे नीट न उमललेला खराब कापूस, पालापाचोळा, फरदडचा म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवरून पुन्हा घेतलेला माल मिसळलेला चालत नाही. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल, पण तो या फेअरमध्ये बसणाऱ्या मालाला. दिवाळीच्या आसपास पाऊस पडून गेला की वेचलेला कापूस घरात वाळवूनसुद्धा मीटर 14 दाखवतं, मग व्यापाऱ्याकडे जा आणि तो देईल तो भाव घ्या. त्या भावाला तो पण वाजवीच म्हणतो बरं का.

भुसावळचा उन्हाळा

मे महिन्यात दुपारी 2 वाजता, बाहेर 45 अंश, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि मोबाईलचं वेदर अॅप काय दाखवतं? 'फेअर'. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. तो लिहिणारा माणूस एकदा आमच्याकडे जंक्शनवर येऊन उभा करा.

मास्तर, पारोळा

भाऊ, त्या अॅपचा फेअर आकाशापुरता आहे, ढग कमी, पाऊस नाही, एवढंच त्याचं म्हणणं. थंड मुलखात आकाश मोकळं असणं म्हणजे आनंदाची गोष्ट, आपल्याकडे मे महिन्यात ढग आले तर आनंद. शब्द तिकडचा, ऊन इकडचं.

जुना मोबाईल नवा मालक, शिरपूर

विषय निघालाच आहे तर सावध करतो सगळ्यांना. एका साइटवरून सेकंडहँड मोबाईल घेतला, कंडिशन लिहिलेली 'फेअर'. मला वाटलं फेअर म्हणजे एकदम साफ, फेअरच्या वहीसारखा. पार्सल उघडलं तर कडेला चेपलेला, मागे ओरखडे, चालतो मात्र व्यवस्थित. तक्रार केली तर उत्तर आलं की फेअर ही आमची सगळ्यात खालची ग्रेड आहे, अॅपमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. जुन्या पुस्तकांच्या धंद्यातही असंच असतं असं नंतर कळलं, तिथे गुडच्या खाली फेअर, म्हणजे पानं सगळी आहेत पण पुस्तक वापरून वापरून थकलेलं. तेव्हा विकत घेताना फेअर दिसला की गुडच्या खालचाच समजा आणि फोटो मागवा.

निमगोरी, जळगाव

माझं नावच बघा म्हणजे मी कशावर बोलणार ते कळेल.

लग्नाच्या बायोडाटामध्ये मराठीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे चार दरवाजे असतात, इंग्रजी बायोडाटात 'फेअर' आणि 'व्हीटिश' असे दोनच, आणि अख्खं खान्देश फेअर. आमच्याकडे केळीच्या बागेत उन्हात राबलेली माणसं, पण बायोडाटा उघडला की सगळे जण युरोपातले. मास्तर म्हणाले 'बरा'मध्ये गोरेपण घातलं नाही, पण फेअर मध्ये जाहिरातींनी ते इतकं ठासून भरलं की काकूंना दवाखान्याच्या कागदावर पण तेच दिसलं, यात काकूंची चूक नाही. ती क्रीम 1975 मध्ये बाजारात आली आणि 2020 मध्ये कंपनीने नावातून फेअर काढून ग्लो केलं. ट्यूबवर शब्द बदलला, पण बघायला येणाऱ्या पाहुण्यांची नजर काय बदलली नाही. माझं मत विचाराल तर रंगाचा रकानाच नको बायोडाटात, फोटो आहे ना जोडलेला, मग अजून काय लिहायचं.

बाकी एक, इंग्लंडमध्ये 'शी इज फेअर' म्हटलं तर बऱ्याचदा केसांचा रंगही त्यात असतो, फिकट सोनेरी केसवाली. आपण काळ्याभोर केसांच्या मुलीला फेअर म्हणतो ते त्यांना थोडं चमत्कारिक वाटू शकतं.

हायवेत गेलं शेत, एरंडोल

मास्तरांचा 'बरा' मला सगळीकडे पटत नाही. 2013 चा भूसंपादनाचा कायदा आहे, त्याच्या इंग्रजी नावातच 'फेअर कॉम्पेन्सेशन' आहे. आता मी प्रांत ऑफिसात जाऊन म्हटलं की साहेब मला बरी भरपाई द्या, तर साहेब म्हणतील दिली की बरी, अजून काय पाहिजे. तिथे बरी नाही चालत, तिथे वाजवी, रास्तच पाहिजे. बरी म्हणजे समोरच्याने खुशीने दिलेली, रास्त म्हणजे माझा हक्क असलेली. रेशनच्या दुकानाला सरकारने रास्त भाव दुकान म्हटलं ते बरोबर केलं, बऱ्या भावाचं दुकान म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं. उसाच्या एफआरपीतला एफ पण फेअरच, आणि त्यालाही रास्त व किफायतशीर दरच म्हणतात.

मास्तर, पारोळा

दादा, तुमचं म्हणणं सोळा आणे मान्य, आणि त्याने माझं म्हणणं खोडलं जात नाही. घरातला, तब्येतीचा, पेपराचा फेअर तो 'बरा'. कायद्यातला, बाजारातला, वाटणीचा फेअर तो 'रास्त' किंवा 'वाजवी'. रास्त फारसीतून आला, त्याचा अर्थ सरळ, नीट. वाजवी अरबी वाजिबवरून, म्हणजे जे द्यायलाच हवं ते. तुमचा हक्काचा मुद्दा त्या वाजिबमध्येच बसलाय बघा. कायद्यातला फेअर शब्दकोशात बघून काही मिळत नाही, तो हिशोबात बघावा लागतो, बाजारभाव किती धरला, गुणक किती लावला, त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम धरली का. कापूसवाल्या भाऊंच्या ओलाव्याच्या मीटरसारखंच, कुणीतरी आकडा ठरवतो आणि त्याला फेअर म्हणतो. तो आकडा कोण ठरवतो यावर भांडायचं, शब्दावर नाही.

आणि पोरांच्या 'नॉट फेअर'ला आपला अस्सल शब्द राहिलाच की, रडीचा डाव.

एमपीएससीग्रस्त, नंदुरबार

सर मला परीक्षेपुरतं सांगा हो, डोकं फिरलंय. एसटीचं फेअर वाढलं ते, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचं हॉर्स फेअर भरतं ते, आणि हा फेअर, मराठीत लिहिताना तिन्ही सारखेच दिसतात. आणि 2024 चा तो पेपरफुटीचा कायदा, त्यात 'अनफेअर मीन्स' आहे, तो कुठला? अजून एक, फेअरली आणि रादर यात मी दर वेळी चुकतो.

मास्तर, पारोळा

एसटीचं भाडं एफ ए आर ई, तो वेगळाच शब्द, जुन्या इंग्रजीत प्रवास करणं या क्रियापदावरून आलेला, फेअरवेल मधला फेअर पण तोच. यात्रेचा फेअर स्पेलिंगने आपल्या फेअरसारखाच एफ ए आय आर, पण मूळ लॅटिन, सणाचे सुट्टीचे दिवस या अर्थाच्या शब्दावरून, नातं काही नाही, नुसता नामसाधर्म्याचा योग. तो नाम आहे आणि आपला हा विशेषण, वाक्यात जागा बघितली की चुकणार नाहीस. अनफेअर मीन्स मधला वागणुकीचा, म्हणजे गैरमार्ग, कॉपी, पेपर फोडणं वगैरे.

फेअरली आणि रादर, दोन्हींचा अर्थ बऱ्यापैकी, पण फेअरली सहसा आवडत्या गोष्टीला लागतं आणि रादर नावडतीला. चहा फेअरली हॉट म्हणजे हवा तसा गरम, रादर हॉट म्हणजे जीभ भाजेल इतका. भुसावळच्या भाऊंनी रादर वापरावं. शिवाय 'ही वॉज ट्रीटेड फेअरली' इथे फेअरली शेवटी आलंय, क्रियापदाला लागलंय, तिथे अर्थ न्यायाने. विशेषणाच्या आधी आलं की बऱ्यापैकी. पेपर काढणारे याच फरकावर प्रश्न टाकतात.

एमपीएससीग्रस्त, नंदुरबार

समजलं सर. शेवटचं एकच, सराव पेपरमध्ये 'अ फेअर फ्यू पीपल केम' होतं, मी थोडे लोक आले असं धरलं, उत्तरपत्रिकेत चूक दाखवलंय. फ्यू म्हणजे थोडेच ना?

मास्तर, पारोळा

नुसतं फ्यू असेल तर थोडे, जवळजवळ नाहीतच. 'अ फ्यू' म्हणजे काही. पण 'अ फेअर फ्यू' म्हणजे बरेच. 'क्वाइट अ फ्यू' पण तसंच, बरेच. 'अ फेअर अमाउंट' म्हणजे चांगलं भरपूर, 'अ फेअर चान्स' म्हणजे बऱ्यापैकी शक्यता, संधी हातची गेलेली नाही. पर्यायात 'सम' आणि 'मेनी' दोन्ही दिसले तर मेनी धर. उत्तरपत्रिका बरोबर आहे.